पाणी उजव्या हाताला

तळं नकली होतं, यात वाद नव्हता. पूर्वी तिथं नुसता ओसाड माळ होता. एका बांधकाम कंपनीनं त्या माळावर मोठा खड्डा खणला, तळाशी जाड काळं प्लास्टिक अंथरलं, लांबून नळ टाकून पाणी आणलं आणि काठानं घरं बांधून विकायला काढली. जाहिरातीत त्याला 'सरोवर' म्हटलं होतं. राहायला आलेले लोक 'तळं' म्हणायचे आणि कंपनीचे इंजिनिअर आपसात बोलताना अजूनही 'खड्डा'च म्हणायचे. पण पाणी काही खोटं नव्हतं. वारा सुटला की त्यावर लाटा उठायच्या, कुठून कुठून बगळे येऊन बसायचे, आणि संध्याकाळी हंसाच्या आकाराच्या बोटी पायडल मारत फिरायच्या. त्यातल्या एका हंसाची मान मोडली होती. ती चिकटपट्टीनं जोडल्यामुळे तो कायम कोणावर तरी रुसल्यासारखा दिसायचा.

काठावरच्या घरातल्यांना वसाहतीत 'पाण्याचे' म्हणत आणि मागच्या रांगेतल्यांना 'पाठचे'. पाठच्यांच्या तळघरांत ओल यायची आणि तळ्याचा देखावा मात्र यायचा नाही, त्यामुळे ते पाण्याच्यांना पाण्यात पाहायचे. हा विनोद वसाहतीत इतका जुना झाला होता की आता कोणी हसायचंही नाही.

पाण्याच्यांपैकी एका घरात एक निवृत्त बस ड्रायव्हर आणि त्यांची लेक असे दोघंच राहत. ड्रायव्हरसाहेबांनी जन्मभर शहरात गोल मार्गाची बस चालवली होती. स्टेशनपासून निघायचं, शहराला वळसा घालायचा, पुन्हा स्टेशनला यायचं. निवृत्तीनंतर बायकोच्या हट्टानं त्यांनी इथं घर घेतलं. तिला पाण्यासमोर बसून चहा प्यायचा होता. तो तिनं जेमतेम वर्षभर प्यायला आणि मग ती गेली. लेक शहरातली खोली सोडून वडिलांकडे राहायला आली. तिनं लग्न केलं नव्हतं. का, म्हणून विचारणाऱ्यांना ती "वेळच झाला नाही" असं सांगायची, आणि विचारणारे गप्प बसायचे, कारण ते तसं खरंच वाटायचं.

लहानपणी सुट्टीत ती वडिलांच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसून दिवसभर फिरायची आणि घंटीची दोरी ओढायचा हट्ट धरायची. एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं. तेव्हापासून ते तिला 'कंडक्टर' म्हणायचे. आता ती पन्नाशीला आली होती, चौकातल्या चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करत होती, तरी घरात कंडक्टरच होती. गेल्या वर्षा-दोन वर्षांत तिचं खरं नाव ड्रायव्हरसाहेबांच्या तोंडून ऐकू आलं नव्हतं. कंडक्टर तेवढं राहिलं होतं.

बाकी बरंच गेलं होतं. डोळे शाबूत होते. दुकानात नेलं की तक्त्यावरची सगळ्यात खालची बारीक ओळ ते चष्म्याशिवाय घडाघडा वाचायचे आणि तिच्याकडे ऐटीत बघायचे. पण दुकानातून घरी कसं जायचं, ते त्यांना सांगता यायचं नाही. एकदा ब्रेड आणायला म्हणून गेले ते संध्याकाळी शहरातल्या बस डेपोत सापडले. माझी गाडी कोणी नेली, म्हणून तिथल्या पोरसवदा ड्रायव्हरांशी भांडत होते. त्या दिवशी तिच्या थोरल्या भावानं फोनवर तिला फैलावर घेतलं. दादा दूर देशी राहायचा, आणि लांब राहणाऱ्या माणसांना जवळच्या गोष्टी फार स्पष्ट दिसतात. त्यानं आकड्यांचं एक कुलूप पाठवलं. आकडे जुळवल्याशिवाय उघडायचं नाही.

"बाहेरच्या दाराला लाव," तो म्हणाला.

"दादा, ते काय चोर आहेत?"

"चोराला आपण बाहेर ठेवायला कुलूप लावतो. हे आत ठेवायला आहे."

शेवटी असं ठरलं की सध्या राहू दे, पण बाबा पुन्हा एकदा हरवले तर कुलूप. तिनं कबूल केलं, आणि कुलूप खोक्यासकट स्वयंपाकघराच्या सगळ्यात खालच्या खणात, न लागणाऱ्या झाकणांच्या खाली टाकून दिलं. जन्मभर शहर फिरलेल्या माणसाला घरात कोंडायचं, ही नुसती कल्पनाही तिला सोसत नव्हती.

उपाय तिला तळ्यानंच दिला. तळ्याभोवती एकच फरसबंद वाट होती, पाण्याच्या बाजूनं कठडा असलेली. कुठूनही निघा, पाणी धरून चालत राहा, जिथून निघालात तिथंच येता. तिनं आपलं फाटक वडिलांच्या जुन्या बसच्या पिवळ्या रंगानं रंगवलं. शेजाऱ्यांनी नाकं मुरडली. मग रोज सकाळी वडिलांना हाताला धरून ती एकच वाक्य म्हणायची.

"पाणी उजव्या हाताला. पिवळं फाटक आलं की उतरायचं."

"पाणी उजव्या हाताला," ते म्हणायचे. "हा तर गोल मार्ग झाला."

"गोलच आहे."

"मग काय चुकायचंय त्यात!"

त्या दिवसांत त्यांच्या डोक्यात शिकवलेलं अजून रुजायचं. वाक्य खोलवर रुजलं. त्यानंतर ते रोज एकटे फेरी मारून येऊ लागले. टोपी घालून निघायचे, काठावरच्या प्रत्येक बाकापाशी थांबा घ्यायचे, कोणी बसलेलं असलं तर "चला, पुढे सरका" म्हणायचे, आणि फेरी संपली की पिवळ्या फाटकातून आत येऊन टोपी खुंटीला अडकवायचे. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर दिवसभर राबून घरी आलेल्या माणसाचं समाधान असायचं. लोकांना वाटायचं, म्हातारबुवा मोठे गमतीशीर आहेत. यापलीकडे कोणाला काही माहीत नव्हतं आणि तिनं कळूही दिलं नव्हतं. एकाला कळलं की वसाहतीला कळणार, वसाहतीला कळलं की कोणीतरी काळजीपोटी दादाला कळवणार. तिला ती काळजी नको होती.

मग वसाहतीची सभा लागली.

क्लबच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. सेक्रेटरी हे बँकेतून निवृत्त झालेले, माइक नसला तरी माइकसमोर बोलल्यासारखे बोलणारे गृहस्थ. ते म्हणाले, "कुठंतरी पाणी मुरतंय, असं आपण म्हणतो. आपल्या वसाहतीत ते खरोखरच मुरतंय!" कोणी हसलं नाही म्हणून त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटलं. खालचं प्लास्टिक फाटलं होतं. पाठच्यांची तळघरं त्यामुळेच ओली होती. तळं पूर्ण उपसून दुरुस्ती करायची आणि पुन्हा भरायचं, दोन-तीन महिन्यांचा प्रश्न होता. पाठच्यांनी टाळ्या वाजवल्या.

ती उठून उभी राहिली. 

"माशांचं काय?"

"मासे हलवणार आहोत."

"चिखलाचा वास येईल."

"येईल थोडे दिवस."

"आणि बगळे..."

मागच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. सेक्रेटरी चांगला माणूस होता. त्यांनी आवाज खाली आणला. "ताई, तुमची नेमकी हरकत काय आहे? सांगा ना मोकळेपणानं."

वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं. माझ्या वडिलांना घरी आणणारं तेवढं एकच राहिलंय. पण समोर इतके चेहरे, सगळे तिच्याकडेच वळलेले. ती परत खाली बसली.

"काही नाही," ती म्हणाली. "सहज विचारलं."

घरी आल्यावर तिनं स्वतःला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या.

पंप लागले. तिनं दुकानातून रजा काढली आणि वडिलांबरोबर फिरू लागली. नवं वाक्य शिकवायचा प्रयत्न केला. "कठडा उजव्या हाताला, बाबा." ते मान डोलवायचे. "कठडा उजव्या हाताला," म्हणायचे आणि पुढच्या बाकापाशी विचारायचे, "कसला कठडा?" नवीन शब्द त्यांच्यावरून काचेवरच्या थेंबासारखे ओघळून जायचे. एकीकडे तिची तगमग व्हायची, आणि दुसरीकडे ते मात्र आनंदात होते, कारण इतक्या वर्षांनी कंडक्टर फेरीला सोबत होती.

पाणी फार सावकाश उतरत होतं. पहिल्या आठवड्यात तर कळलंही नाही. काठाशी चिखलाची एक पट्टी उघडी पडली, ती रुंदावली, पण पाणी तिथंच दिसत होतं, उजव्या हाताला. ड्रायव्हरसाहेब बिनचूक घरी येत होते. तिचा जीव भांड्यात पडला. वाट तीच आहे, खड्डा तोच आहे, मग काय बिघडणार? दुकानाच्या मालकिणीचा फोनवर फोन येत होते. एका सोमवारी ती कामावर रुजू झाली.

त्या आठवड्यातच कधीतरी, दुपारी, ती एका शाळकरी मुलीच्या चष्म्याची दांडी कानामागे नीट बसवत होती, तेवढ्यात फोन वाजला. कुत्रेवाल्या काकू होत्या. त्या पाठच्यांपैकी. त्यांच्याकडे एक म्हातारा कुत्रा होता आणि वसाहतीत कोण कुठं आहे हे त्या कुत्र्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असायचं.

"अगं, लवकर ये. तुझे बाबा तळ्यात उतरलेत."

"तळ्यात? बुडाले?"

"बुडतात कसले, पाणीच नाहीये! मधल्या डबक्याभोवती फिरताहेत. गोल गोल. हाका मारल्या तर ऐकत नाहीत."

चष्मा मुलीच्या हातात देऊन ती तशीच धावत सुटली. वाटेत तिला उमगलं. तिला इतक्या लख्खपणे उमगलं की ती भर रस्त्यात क्षणभर उभीच राहिली. बाबा चुकलेले नव्हतेच. पाणी मागे सरकत गेलं आणि बाबा पाण्याबरोबर गेले. बोटी पाण्यात सोडायच्या उतारावरून ते खाली उतरले असतील, पाणी उजव्या हाताला ठेवून. पाण्याचं वर्तुळ लहान होत गेलं आणि त्यांचंही. आता पाणी मधल्या खोलगट जागेत एका डबक्यापुरतं उरलं होतं, आणि ते त्या डबक्याभोवती चालत होते. सांगितलं होतं तसंच.

काठावर गर्दी जमली होती. चारी बाजूंनी लोक ओरडत होते. "काका, वर या!" "इकडून नाही, तिकडून!" एक जण मोबाइलवर चित्रण करत होता. खाली काळसर चिखलाचं रिकामं ताट पसरलं होतं. त्यात बुडालेल्या खुर्च्या, चेंडू, एक चप्पल, आणि बाजूला कलंडलेला मान मोडलेला हंस. त्या सगळ्याच्या मधोमध टोपी घातलेला एक माणूस ताठ मानेनं, एकसारख्या चालीनं फेऱ्या मारत होता. चिखलात त्याच्या पावलांच्या गोल वाटा उमटल्या होत्या. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीच्या किंचित आत.

ती उतारावरून खाली गेली. चिखलानं एक चप्पल ओढून घेतली, दुसरी तिनं स्वतःच टाकून दिली. जवळ पोचली तेव्हा वडिलांचा श्वास फुललेला ऐकू आला. पॅन्ट गुडघ्यापर्यंत माखली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला ते थांबत नव्हते.

हाका मारून उपयोग नव्हता. ती त्यांच्या मागे गेली आणि लहानपणीसारखी म्हणाली, "टिंग."

ड्रायव्हरसाहेब जागच्या जागी थांबले. पाय ब्रेकवर गेल्यासारखे.

"कंडक्टर," ते मान वळवून म्हणाले.  "बघ ना. पाणी उजव्या हाताला आहे. मी सोडलेलं नाही."

"नाही सोडलंत, बाबा."

"मी कुठं चुकलोय का?"

"नाही. तुम्ही नाही चुकलात."

"मग फाटक का येत नाही?" ते म्हणाले. "केव्हापासून फिरतोय. फेरी संपतच नाही."

तिला रडू फुटलं. हॉलमध्ये इतक्या लोकांसमोर जे तिला बोलता आलं नव्हतं, ते न बोलल्याची शिक्षा हा माणूस चिखलात भोगत होता. तिनं त्यांचा दंड धरला आणि काठाकडे वळवायला गेली, तर ते हिसडा देऊन अडून बसले.

"पाणी सोडून जायचं नाही! तूच सांगितलंस!"

"बाबा, घर तिकडं आहे."

"असेल. पण पाणी सोडलं की मी हरवतो." हे त्यांनी अगदी शहाण्या माणसासारखं सांगितलं.

 ती क्षणभर डबक्याकडे बघत राहिली. मग तिनं दंड सोडला, त्यांच्यामागून वळसा घालून ती पलीकडे गेली, आणि ते आणि डबकं यांच्या मध्ये, त्यांच्या उजव्या हाताला उभी राहिली. त्यांचा उजवा हात आपल्या हातात घेतला.

"आता हे पाणी," ती म्हणाली.

त्यांनी हाताकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं.

"तू?"

"हो. मी पाणी. उजव्या हाताला आहे की नाही?"

त्यांनी बराच वेळ विचार केला. मग बोटं घट्ट मिटली.

"टिंग टिंग," ती म्हणाली, आणि गाडी निघाली.

उताराच्या वरच्या टोकाला सेक्रेटरी उभे होते. हात द्यायला खाली यावं की नको या विचारात त्यांचा एक बूट चिखलात गेला होता. तिनं वर येता येता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "माझ्या वडिलांच्या लक्षात राहत नाही. पाणी उजव्या हाताला ठेवलं की घरी येता येतं, एवढंच राहिलंय. सभेत मला हे सांगायचं होतं."  मोबाइलवाल्यानं मोबाइल खिशात घातला, पण त्याआधी त्यानं ते चित्रण पाठवून दिलेलं होतंच. रात्रीच्या आत ते दादापर्यंत पोचलं.

"हरवले ना शेवटी?" दादा म्हणाला.

"हरवले नव्हते. मी सांगितलं तसंच चालत होते. सांगणंच चुकलं होतं."

"कुलूप?"

"कुलूप मी वापरणार आहे," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं ते खणातून काढलं आणि सेक्रेटरींना नेऊन दिलं. त्यांना बोटींच्या उताराला फळ्यांचं फाटक करून कुलूप लावायचं होतं आणि चांगलं कुलूप मिळत नव्हतं. पाणी भरेपर्यंत दादाचं कुलूप तिथं लटकत राहिलं.

सकाळची फेरी ती करायची. दुपारच्या फेरीला ती दुकानात असायची, आणि ड्रायव्हरसाहेब तर टोपी घालून दारात उभे असायचे. पहिल्या दिवशी काकू, तिच्याकडून हाताची युक्ती समजून घेऊन, कुत्र्याला घेऊन आल्या. "आज पाणी मी," म्हणाल्या, आणि त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन हात पुढं केला. ड्रायव्हरसाहेबांनी हात तपासून बघितला आणि घेतला. नंतर सेक्रेटरी आले. मग मोबाइलवाला. तो तर मान खाली घालूनच आला. वसाहतीत बोलणं सुरू झालं, "आज पाण्याची पाळी कोणाची?" पाठचेसुद्धा पाणी होऊन जायचे, आणि आपण शेवटी पाण्याचे झालो, म्हणून एकमेकांना चिडवायचे. हसत हसत का होईना, जो तो वेळ पाळायचा.

तिला मात्र एकाच गोष्टीची आस होती. तळं एकदा भरू दे. बाबा पुन्हा एकटे निघतील, टोपी घालून, कोणाचा हात न धरता, पिवळं फाटक आलं की आपले आपण उतरतील. दुरुस्ती लांबली तशी ती दिवसातून दोनदा नळाच्या तोंडाशी जाऊन बघायची.

अखेर नळ सुटला. काळं नवं प्लास्टिक झाकत झाकत पाणी चढत गेलं आणि एका सकाळी काठाला टेकलं. वारा सुटला होता. बगळ्यांना कोणी कळवलं कोण जाणे, पण तेही आले होते. तिनं वडिलांच्या डोक्यावर टोपी ठेवली, पिवळं फाटक उघडलं, आणि जुनं वाक्य म्हटलं.

"पाणी उजव्या हाताला, बाबा. पिवळं फाटक आलं की उतरायचं."

"पाणी उजव्या हाताला," ते म्हणाले आणि बाहेर पडले.

ती मुद्दाम आतच थांबली. फाटकाची दांडी धरून बघत राहिली. ते वाटेवर जाऊन नीट दिशेला तोंड करून उभे राहिले. त्यांच्या उजवीकडे तळं काठोकाठ भरलेलं होतं. उन्हात इतकं चमकत होतं की डोळे दिपावेत. त्यांनी त्याकडे पाहिलं नाही. उजवा हात अंगापासून जरासा लांब धरून, पंजा उघडा ठेवून ते वाट बघत राहिले. मग त्यांनी मान वळवून विचारलं,

"कंडक्टर, पाणी कुठंय?"

 त्यांच्या एकट्याच्या फेरीची आशा तिनं इतके महिने जपली होती. त्या आशेवर तिनं फाटकातच पाणी सोडलं. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. आणि त्या उघड्या पंजाकडे बघताना तिच्या आत काहीतरी शांतही झालं.

"आलं, बाबा," ती म्हणाली. "पाणी आलं."

तिनं फाटक ओढून घेतलं आणि त्यांच्या उजव्या बाजूला गेली.